ज्यांच्या नावावरून सुमो आली, त्या मुळगावकरांनी पिंपरीत ट्रकच्या आधी माणसं घडवायला घेतली

एप्रिल उजाडला की तळवड्यापासून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये एकच विषय असतो. केआरए भरला का? यंदा टार्गेट काय लिहिलं? साहेबांनी किती वाढवून दिलं?

मग काय होतं, ते तुम्हालाही माहिती आहे. गेल्या वर्षीचा फॉर्म उघडायचा, आकडे दहा टक्क्यांनी वाढवायचे, खाली 'कौशल्य विकास' असं काहीतरी टाकायचं आणि सबमिट मारायचं. पुढच्या मार्चपर्यंत तो फॉर्म कुणी उघडून बघत नाही. ध्येय ठरवणं म्हणजे बऱ्याच जणांसाठी एवढंच उरलंय.

पण ज्या पट्ट्यात आपण हे फॉर्म भरतो, त्याच पट्ट्यात एका मराठी माणसाने असं ध्येय ठरवलं होतं, की ते गाठायला अकरा वर्षं लागली. त्या अकरा वर्षांत कारखान्यातून एकही ट्रक बाहेर पडला नाही. तरी तो माणूस जागचा हलला नाही.

त्यांचं नाव सुमंत मुळगावकर.

नाव ऐकल्यासारखं वाटतंय? वाटणारच. त्यांच्यावरचा एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. टेल्कोचे मोठे साहेब दुपारी एकत्र जेवायला बसायचे, पण मुळगावकर मात्र गायब व्हायचे. लोकांना वाटलं, हे कुठल्यातरी पंचतारांकित हॉटेलात डीलर मंडळींसोबत जेवत असणार. कुणीतरी मागावर गेलं, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत बसून जेवताहेत आणि गाडीत काय चांगलं, काय वाईट ते विचारताहेत. पुढे त्यांच्याच नावावरून गाडीला सुमो म्हटलं गेलं.

आता यातला ढाब्याचा भाग हा तोंडोतोंडी चालत आलेला किस्सा आहे. नावाचा भाग मात्र खरा आहे. सुमंतमधला सु आणि मुळगावकरमधला मो. टाटा सुमो १९९४ साली आली तेव्हा मुळगावकर जाऊन पाच वर्षं झाली होती.

फॉरवर्ड इथे संपतो. खरी गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

सिमेंटपासून सुरुवात

५ मार्च १९०६ ही मुळगावकरांची जन्मतारीख, गाव मुंबई. इंजिनिअरिंगचं शिक्षण त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून घेतलं. परत आल्यावर त्यांची ओळख झाली ती सिमेंटच्या धंद्यात. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी तयार झाली होती आणि मुळगावकर त्या एसीसीत काम करत होते.

त्या काळात आपल्याकडे सिमेंट बनत होतं, पण सिमेंट बनवणारी यंत्रं बाहेरून यायची. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. बोटींचा भरवसा राहिला नाही. परदेशातले कारखाने युद्धाच्या कामाला लागले. यंत्र मागवायचं तरी कुणाकडून?

तेव्हा मुळगावकर ज्या कामात पडले ते होतं सिमेंट कारखान्याची यंत्रसामग्री देशातच बनवण्याचं. इथे त्यांच्या डोक्यात जी गोष्ट पक्की बसली, ती पुढे आयुष्यभर सुटली नाही. माल बनवता येणं आणि माल बनवणारं यंत्र बनवता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जमली तर धंदा होतो. दुसरी जमली तर दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

इंजिन बनवणाऱ्या कंपनीत ट्रक कुठून आले?

१९४५ साली टाटांनी टेल्को सुरू केली. आज टेल्को म्हटलं की ट्रक डोळ्यांसमोर येतो, पण ती सुरू झाली रेल्वेची वाफेची इंजिनं बनवण्यासाठी. ठिकाण होतं जमशेदपूर. १९४९ साली मुळगावकर या कंपनीत आले आणि तिचा कारभार त्यांच्या हाती आला.

रेल्वेच्या इंजिनांना एक मोठी अडचण होती. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. ऑर्डर आली तर काम, नाही तर हातावर हात. शिवाय वाफेच्या इंजिनाचे दिवस मोजके उरलेत, हेही दिसत होतं.

मग १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार झाला. करार पंधरा वर्षांचा. जर्मन तंत्रज्ञान घेऊन भारतात ट्रक बनवायचे. करारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिली गाडी बाहेर पडली. बॉनेटवर मर्सिडीजचा तारा होता. जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी कितीतरी वर्षं या गाडीचं नाव टाटा-मर्सिडीज असंच होतं.

आता कराराकडे दोन पद्धतींनी बघता येतं. पहिली पद्धत अशी, की पंधरा वर्षं निवांत झाली. जर्मन डिझाइन देतील, आपण बनवू, मुदत संपली की अजून पंधरा वर्षांनी वाढवून घेऊ. त्या काळात अनेक कंपन्यांनी हेच केलं.

दुसरी पद्धत अशी, की आपल्याकडे फक्त पंधरा वर्षं आहेत. १९६९ साली तारा उतरला, तर त्या दिवशी आपल्याला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. टेल्को या दुसऱ्या वाटेने गेली.

एक मोठं ध्येय, त्याचे छोटे तुकडे

इथे जरा थांबून शास्त्र काय सांगतं ते बघू. कारण गंमत अशी आहे, की मुळगावकर हे सगळं करत होते तेव्हा हे शास्त्र नुकतंच लिहिलं जात होतं.

डेमलरशी करार झाला त्याच १९५४ साली पीटर ड्रकर यांचं द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट हे पुस्तक आलं. उद्दिष्टं ठरवून त्यानुसार कंपनी चालवायची, ही कल्पना त्यातून जगभर गेली. आजच्या तुमच्या केआरए फॉर्मचे आजोबा म्हणजे हे पुस्तक. १९६८ साली एडविन लॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ध्येय आणि कामगिरी यांच्या नात्यावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. नुसतं जमेल तेवढं चांगलं कर असं सांगितलं, तर माणूस कमी करतो. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं, तर जास्त करतो.

याचा पुढे झालेला एक प्रसिद्ध प्रयोग तर चक्क ट्रकवरच आहे. अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक होते. ड्रायव्हर ते अर्धवट भरूनच न्यायचे. कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण साठ टक्के. गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्याने ड्रायव्हरांना एक नेमका आकडा दिला, चौऱ्याण्णव टक्के. जास्तीचे पैसे दिले नाहीत, नवीन ट्रक दिले नाहीत. काही महिन्यांत भार नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला आणि तिथेच टिकला. हा अभ्यास १९७५ साली छापून आला.

म्हणजे ध्येयात दोन गोष्टी हव्यात. कुठे पोहोचायचं ते नेमकं हवं आणि आपण किती पोहोचलो हे अधूनमधून कळायला हवं.

टेल्कोच्या पंधरा वर्षांकडे या नजरेने बघा. शेवटचं ठिकाण ठरलं होतं, १९६९. मध्ये टप्पे होते. एकेक सुटा भाग देशात बनवायला घ्यायचा. १९५९ साली जमशेदपूरला संशोधन आणि विकास केंद्र सुरू झालं. १९६१ साली पहिला ट्रक निर्यात झाला, तेव्हाच्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला. १९६६ साली पुण्यात गाड्यांच्या डिझाइन आणि चाचण्यांसाठी इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर आलं. आणि १९६९ साली करार संपला, तेव्हा बॉनेटवरचा तारा उतरला आणि टाटांचा टी लागला. ट्रक मात्र थांबले नाहीत.

आणि मग पिंपरी

१९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवड हे काय होतं? शहर तर नव्हतंच. गावं होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मग मुंबई-पुणे रस्त्याच्या आजूबाजूला शेड उभ्या राहू लागल्या. नगरपालिका व्हायलाही १९७० साल उजाडावं लागलं.

अशा वेळी टेल्कोने जमशेदपूरनंतरचा दुसरा मोठा कारखाना इथे काढायचं ठरवलं. १९६६ च्या सुमारास काम सुरू झालं. जमीन होती ओसाड माळाची.

दुसरा कुणी असता तर सगळ्यात आधी काय बांधलं असतं? असेंब्ली लाइन. पार्ट जमशेदपूरहून आणायचे, इथे जोडायचे, वर्षा-दोन वर्षांत गाड्या बाहेर काढायच्या आणि रिबीन कापायची.

मुळगावकरांनी उलटीकडून सुरुवात केली.

आधी प्रशिक्षण केंद्र. गावागावांतून आलेली दहावी-अकरावी झालेली पोरं अप्रेंटिस म्हणून घ्यायची आणि त्यांना फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर म्हणून तयार करायचं. अप्रेंटिस कायदा १९६१ साली आला होता. बऱ्याच ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे कमी पगारातला हेल्पर, असा हिशेब होता. इथे ते कारखान्याचं पहिलं उत्पादन होतं.

मग मशीन टूल विभाग, म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं. ट्रकचा पत्रा ज्या साच्यात दाबला जातो तो डाय, पार्ट ज्यावर घट्ट पकडून कापला जातो ते फिक्स्चर, हे सगळं आधी इथेच बनवायला शिकायचं. सिमेंटच्या दिवसांत डोक्यात बसलेली गोष्ट इथे मोठी होऊन परत आली.

आणि याच्या जोडीला झाडं. माळावर हजारोंनी झाडं लावली गेली. कारखान्याच्या आवारात तळं तयार केलं गेलं. पुढे त्या तळ्यावर पक्षी यायला लागले. कारखाना चालू व्हायच्या आधी झाडं कशाला, असा प्रश्न कुणालाही पडला असता. पण झाडाला वाढायला वेळ लागतो आणि माणसाला शिकायलाही. दोघांची लावणी आधीच करावी लागते.

पुण्यातून टेल्कोची पहिली व्यावसायिक गाडी बाहेर पडली १९७७ साली. म्हणजे सुरुवातीनंतर अकरा वर्षांनी.

शिकण्याचं ध्येय आणि करून दाखवण्याचं ध्येय

अकरा वर्षं गाडी नाही, म्हणजे त्या काळातल्या केआरए फॉर्मवर काय लिहायचं?

इथे शिक्षणशास्त्र मदतीला येतं. ध्येयं दोन जातींची असतात. एक, करून दाखवायचं ध्येय. नव्वद टक्के मार्क पाड, महिन्याला इतके पीस काढ. दुसरं, शिकण्याचं ध्येय. ही तीन प्रकारची गणितं सोडवायच्या पद्धती शोध, या मशीनवर स्वतः सेटिंग करायला शीक.

काम ओळखीचं असेल तर पहिल्या जातीचं ध्येय मस्त चालतं. लाकडाचा ट्रक कसा भरायचा हे ड्रायव्हरला आधीच येत होतं, म्हणून आकडा दिल्यावर भार वाढला. पण काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, तर सुरुवातीलाच आकड्याच्या मागे लावलेला माणूस बिथरतो. तो शिकत नाही, शॉर्टकट शोधतो. पुढे लॉक आणि लॅथम यांच्याच परंपरेतल्या संशोधनात हे दिसून आलं, की अशा कामात आधी शिकण्याचं ध्येय द्यावं आणि आकडा नंतर.

नववीतल्या पोराला अर्धं बीजगणित येत नसताना नव्वद टक्क्यांचं ध्येय देणारे आई-बाप आणि नव्या लाइनवर पहिल्याच आठवड्यात फुल टार्गेट देणारा सुपरवायझर, दोघं एकच चूक करतात.

पिंपरीत १९६६ ते १९७७ हा काळ शिकण्याच्या ध्येयाचा होता. फक्त ते ध्येय एका माणसाचं नव्हतं, अख्ख्या कारखान्याचं होतं.

मग परीक्षा आली

शिकलो की नाही, हे कळायला परीक्षा लागते. ती आली १९८० च्या दशकात.

सरकारने छोट्या व्यावसायिक गाड्यांसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं. बघता बघता चार नावं बाजारात आली. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. जपानी तंत्र, नवीकोरी डिझाइन. मोठ्या ट्रकमध्ये दादा असलेल्या टेल्कोकडे या वर्गात गाडीच नव्हती.

परदेशी भागीदार शोधणं हा सोपा मार्ग होता. टेल्कोने स्वतःची गाडी स्वतः डिझाइन करायची ठरवली.

१९८६ साली टाटा ४०७ आली. भाजीपाल्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत आणि शाळेच्या बसपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे दिसणारी ही गाडी पुण्यात घडली. आपल्या रस्त्यांचे खड्डे, आपल्याकडे गाडीत भरला जाणारा जादा माल, गावातल्या मेकॅनिकच्या हातातली हत्यारं, हे सगळं गृहीत धरून ती बनली होती. चार जपानी जोड्यांपैकी डीसीएम-टोयोटा आणि ऑल्विन-निसान ही नावं नंतर रस्त्यावरून पुसली गेली. ४०७ आजही विकली जाते.

ढाब्याचा किस्सा लोकांना खरा का वाटतो, ते इथे कळतं. तो घडला असो वा नसो, गाडी मात्र ड्रायव्हरचं ऐकून बनल्यासारखी होती.

समुपदेशकाच्या खोलीतही हेच असतं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कंपन्यांचं झालं. आमचं काय?

समुपदेशकाकडे कधी गेला असाल, तर पहिल्या एक-दोन भेटींतला एक प्रश्न आठवत असेल. तुम्हाला बरं वाटायला लागलंय हे तुम्हाला कशावरून कळेल? बहुतेक लोक आधी म्हणतात, मला टेन्शन नको. पण टेन्शन नको हे ध्येय मोजता येत नाही. मग बोलता बोलता ते बारीक होत जातं. रात्रपाळी नसेल त्या दिवशी बारा वाजायच्या आत झोपायचं. आठवड्यातून दोनदा तरी घरच्यांसोबत फोन बाजूला ठेवून जेवायचं. साहेबांचा मेल बघितल्यावर लगेच उत्तर न देता दहा मिनिटं थांबायचं.

यात ध्येय समुपदेशक ठरवत नाही. तो प्रश्न विचारतो, ठरवतो समोरचा माणूस. कारण दुसऱ्याने लादलेलं ध्येय माणूस पंधरा दिवस पाळतो आणि सोडून देतो. सरावाच्या भाषेत याला बांधिलकी म्हणतात. लॉक आणि लॅथम यांच्या मांडणीतही ती मोठी अट आहे. ध्येय कितीही नेमकं असू दे, ते माणसाला आपलं वाटलं नाही, तर त्याचा उपयोग शून्य.

आणि ही अट आपल्याला मुळगावकरांच्या गोष्टीतल्या अवघड पानावर आणून सोडते.

ध्येय कुणाचं होतं?

मुळगावकरांची गोष्ट सांगताना हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात.

पहिला मुद्दा काळाचा. तो परवाना राजचा काळ होता. कुठली गाडी बनवायची, किती बनवायच्या, सगळ्याला सरकारची परवानगी. स्पर्धा जवळपास नव्हती आणि ट्रकसाठी लोक रांगेत उभे असायचे. अकरा वर्षं तयारीला देणं परवडलं, कारण मागे टाटांचं पाठबळ होतं आणि समोर फार कुणी पळत नव्हतं. आज तिमाही निकालांवर चालणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला एवढा वेळ कुणी देणार नाही. त्यामुळे मुळगावकरांनी केलं तसंच करा, असा सरळ धडा यातून काढता येत नाही.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. दर्जाचं ध्येय, स्वतःचं डिझाइन करण्याचं ध्येय, हे सगळं वरून आलेलं होतं. ज्या पोरांना माळावर आणून कारागीर केलं, ती पोरं आता चाळिशीत आली होती. त्यांची स्वतःची ध्येयं होती. पगार, संसार, आपली युनियन आपण निवडण्याचा हक्क.

१९८८ च्या अखेरीस मुळगावकरांनी टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडे सोपवलं. त्याच सुमारास पुण्याच्या कारखान्यात संघर्ष पेटला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची कामगार संघटना आणि व्यवस्थापन समोरासमोर आले. व्यवस्थापनाने दुसऱ्या संघटनेशी पगारवाढीचा करार केला. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले. शेवटी पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. संप मोडला.

हे बघायला मुळगावकर नव्हते. १ जुलै १९८९ रोजी, म्हणजे जेमतेम तीन महिने आधी, त्यांचं निधन झालं होतं.

संपाची कारणं बरीच होती आणि कोण बरोबर, कोण चूक यावर पिंपरीतल्या जुन्या घरांत आजही एकमत होणार नाही. एकाच चाळीत एका घरातला माणूस उपोषणाला होता आणि शेजारचा बसने कामावर जात होता. पण ध्येयाच्या अंगाने एक गोष्ट स्पष्ट आहे. कारखान्याने काय साध्य करायचं हे एका टेबलावर ठरत होतं आणि कामगाराने आयुष्यात काय साध्य करायचं हे दुसऱ्या. दोन्ही टेबलं वेळेत एकत्र आली नाहीत.

ध्येय चुकलं तर काय होतं, याचं अमेरिकेतलं उदाहरण तर जास्त भयंकर आहे. फोर्ड कंपनीने पिंटो नावाची छोटी गाडी काढताना नेमकं ध्येय ठेवलं होतं. वजन दोन हजार पौंडांच्या आत, किंमत दोन हजार डॉलरच्या आत आणि तीही घाईने. ध्येय गाठलं. पण मागून धडक बसली की इंधनाची टाकी पेटायची आणि त्यात माणसं गेली. ध्येयाच्या यादीत सुरक्षितता लिहिलेली नव्हती. जे लिहिलेलं नसतं ते आधी मरतं, हे २००९ साली काही अभ्यासकांनी ध्येयांच्या दुष्परिणामांवर लिहिताना याच उदाहरणावरून दाखवलं.

आपल्या पट्ट्यात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रेस शॉपवर पीसचं टार्गेट लिहिलेलं असतं. बोटं शाबूत ठेवायचं टार्गेट लिहिलेलं नसेल, तर काय होतं ते भोसरी-चाकणच्या दवाखान्यांना माहिती आहे.

मागे काय राहिलं?

मुळगावकरांना १९९० साली पद्मभूषण जाहीर झालं. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांचं नावही इथे घ्यायला हवं. देशात रक्तदानाची चळवळ उभी करण्यात त्या आघाडीवर होत्या आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली होती, तीही १९६३ साली. म्हणजे या घरात पद्म पुरस्कार आधी लीलाबाईंना मिळाला.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबरच्या इमारतीत सुमंत मुळगावकर सभागृह आहे. जमशेदपूरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. सुमो बंद झाली, पण गावाकडच्या रस्त्यांवर अजून दिसते.

आणि एक वर्तुळ पूर्ण झालं ते वेगळंच. १९६९ साली ज्या मर्सिडीजचा तारा ट्रकवरून उतरला, ती मर्सिडीज १९९० च्या दशकाच्या मध्यात टेल्कोचीच भागीदार होऊन भारतात कार बनवायला आली. कुठे? पिंपरीच्या त्याच टेल्कोच्या आवारात. पुढे २००९ साली ती चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. एकेकाळी ज्यांच्याकडे शिकायला गेलो, ते आपल्या पट्ट्यात कारागीर मिळतात म्हणून आले. चाकणला आज ज्या कंपन्या आहेत, त्यांच्या आसपासची कितीतरी टूल रूम आणि डाय शॉप अशा माणसांची आहेत, ज्यांनी पहिली फाइल मारली ती पिंपरीतल्या कुठल्यातरी कारखान्यात अप्रेंटिस म्हणून.

मग यंदाचा फॉर्म कसा भरायचा?

चार प्रश्न स्वतःला विचारून बघा.

एक, हे ध्येय नेमकं आहे का? वर्षअखेरीस ते झालं की नाही, हे माझ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाला सांगता येईल का?

दोन, हे काम मला येतंय की अजून शिकायचंय? शिकायचं असेल, तर आकडा पुढच्या वर्षी लिहा. यंदा काय शिकणार ते लिहा आणि त्यासाठी वेळ मागून घ्या.

तीन, यात काय लिहायचं राहिलं? झोप, तब्येत, सुरक्षितता, घर. जे राहिलं त्याचाच बळी जाणार आहे.

चार, हे ध्येय कुणाचं? साहेबांचं असेल तर त्यात आपलं काय आहे, ते शोधा. आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर हाताखालच्या पोराला तेच विचारा. फॉर्म भरायच्या आधी विचारा, भरल्यावर नाही.

निगडीकडून भोसरीकडे जाताना टेल्को रोड लागतो. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, पण रिक्षावाला अजून टेल्को रोडच म्हणतो. तिथून जाताना कधी कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावणारी झाडं दिसली, तर लक्षात ठेवा. ती लावली तेव्हा आत एकही ट्रक तयार होत नव्हता.